बोटभर समुद्र

बसमध्ये चढताना ग्लेनिसने विचारलं, एक्सायटेड?
मी म्हणाले, हो.
आधी हो म्हणावं, मग प्रश्न ऐकावा,
एवढं मी चव्वेचाळीस वर्षांत शिकलेय.

ॲक्रिंग्टन ते ब्लॅकपूल. ऑफिसची सहल.
एकवीस माणसं, हातोहात फिरणारा चिप्सचा पुडा,
आणि माझ्या मांडीवर माझा डबा, दहीभाताचा,
कारण तो कालच्यासारखाच लागतो. परवासारखाच.

इंग्लिशमध्ये मजा माणसापाशी असते,
किल्ल्यांसारखी, खिशात.
मराठीत ती येते.
म्हणजे कुठूनतरी निघते, वाट काढते,
तिला दार लागतं.
आणि दारातच एवढा गोंगाट असला
तर ती आत कशी येणार?

पाळण्याच्या रांगेत सगळे ओरडायच्या तयारीत होते.
एका फोनवर एक गाणं, दुसऱ्यावर दुसरं,
व्हिनेगरचा वास नाकात सुईसारखा,
शर्टाचं लेबल मी घरीच कापलं होतं
तरी त्याची जागा टोचत होती.
भीती नव्हती वाटत, खरंच.
भीतीला एक तोंड असतं. इथे शंभर होती
आणि सगळी माझ्याशीच बोलत होती.

मी म्हणाले, मी सामान सांभाळते.
हे पद माझ्याकडे कायमचं आहे.
पन्हाळ्याच्या सहलीत एकोणचाळीस वॉटरबॅगा
मी रंगांप्रमाणे लावल्या होत्या,
आणि बाईंनी प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं,
मुलांमध्ये मिसळत नाही.
जणू मी पिठातली गुठळी.

पाळणे धक्क्यावरच होते.
(समुद्रात घुसलेल्या या लाकडी वाटेला आपण धक्का म्हणतो.
भाषेला कधीकधी माझ्याबद्दल सगळं माहीत असतं.)

आइस्क्रीमच्या बंद खोपटामागे
नऊ पिशव्या ओळीत ठेवल्या, आणि खाली पाहिलं.
दोन फळ्यांमध्ये फट. फटीत समुद्र.
बोटभर. खरं तर अर्धंच बोट.

आख्खा समुद्र मला नेहमी जास्त होतो.
हा एवढाच होता, एक हिरवट रेघ,
मग फेस, मग रेघ, रेघ, फेस.
मी पालथी झोपले. कान फळीला लावला.
लाट दिसायच्या जराशी आधी
लाकडातून यायची, गुरगुरत.
दर वेळी आधी कळायचं.
दर वेळी तरीही घडायचं.

कुणीतरी पिवळ्या जाकिटातला वाकून म्हणाला,
पडलात का?
मी म्हणाले, हो.
मग प्रश्न ऐकला.

तोवर तो ग्लेनिसला घेऊन आला होता,
केस उभे, डोळ्यांत वारा, आवाज बसलेला.
बरी आहेस ना? मजा येतेय ना?
मी जरा शोधली. म्हणाले, अजून नाही.
तिने माझा हात धरला नाही,
त्याबद्दल मी तिची आजही ऋणी आहे.

बुधवारी रात्री पावणेनऊला, कुकर घासताना,
मजा आली.
आधी मनगटांत, मग कोपरांत,
साबणाचे हात फडफड फडफड,
भिंतभर पाणी, चष्म्यावर पाणी,
आणि ओट्यापाशी मी एकटीच हसतेय,
रेघ, रेघ, फेस, रेघ!
चार दिवस चालत आली होती बिचारी,
ब्लॅकपूलहून, पत्ता विचारत.

गुरुवारी ग्लेनिसला सांगितलं, मजा आली.
कसली?
शनिवारची.
ती मगात बघत राहिली बराच वेळ.
मग म्हणाली, पुढच्या वर्षी दाखव मला ती फट.
पण आधी पाळणा हं.

मी भरतीची वेळ शोधून ठेवलीये.
एका फटीत दोघी मावणार नाहीत.
शेजारची आहे तिच्यासाठी, जरा अरुंद आहे,
पण तिथून खांबाचे शिंपले दिसतात.