दोरी सैल

काल एकशेसाठ किलोमीटर. आज सकाळी पुन्हा पशुवैद्यापुढे.
"झूल-बिल नको," इसास्कर म्हणतो,
"पण शेपटीत एक काटा राहता कामा नये."
कारासची गार धूळ. घोडीचं नाव दुइना.

रात्री दोनदा त्याने तिला फिरवलं,
पायांवर पाणी सोडत बसला,
पहाटे चारला तिच्या पोटाला कान लावला.
आत जातं फिरत होतं.
तेव्हा कुठे त्याने कॉफी घेतली.

पशुवैद्य बाई ओठ उचलतात, हिरडी दाबतात,
मानेची कातडी चिमटीत धरून सोडतात.
बोटं पाठीवरून कंबरेपर्यंत जातात.
दुइना कान हलवते फक्त.

आता दुडकी. पळायचं मी,
कारण इसास्कर लंगडतो,
आणि त्याच्या शेजारी पळणारी घोडी
लंगडी दिसते. एकदा अशीच एक बाद झाली.
तिचं नाव तो घेत नाही.

ओढू नकोस. खांद्याशी राहा.
मान तिची तिला हलवू दे.
शंकूपाशी तू बाहेरून वळ, तिचे पाय झाकू नकोस.

मी पळते. दोरीला झोळ.
कुंपणाशी इसास्करचा धड पाय
टापांबरोबर जमिनीवर पडतोय,
एक-दोन, एक-दोन.
बाई लिहितात काहीतरी.
मी बघत नाही.