दोर येतो तेव्हा

एकतीस वर्षं आजोबांनी
मिराफ्लोरेसच्या भिंतीवरून दोर फेकले.
आज मी त्यांना तिकीट काढून आत आणलंय.
प्लास्टिकची खुर्ची, टोपी मांडीवर.

मागे, अंगावर आल्यासारखं,
मोटारी वाहणारं एक जहाज.
त्याला खिडक्या नाहीत.
माईकवरची यारिलिस सांगतेय किती टन, कुठलं साल,
आधी स्पॅनिशमध्ये, मग इंग्रजीत,
आणि आजोबा दोन्हींत
हळूच तिचे आकडे दुरुस्त करतायत.

वरून एक पोरगा हात फिरवतो.
दोराच्या टोकाची मुठीएवढी गाठ
उन्हातून येते, डेकवर थाडकन आपटते
एका बाईच्या कलिंगडाच्या डब्याशेजारी.
"घाई केली," आजोबा म्हणतात.

मग पाणी उतरायला लागतं.
आवाज नाही.
नुसती भिंत वाढते,
ओली, शेवाळी, ठिकठिकाणी खरवडलेली,
जिच्या माथ्यावर ते उभे राहिले जन्मभर
आणि जिचं पोट
इतक्या जवळून आज बघतायत.
पोरग्याचे आता फक्त बूट दिसतात.

कसं वाटतंय, मी विचारते.
ते कठड्यावरून वाकून भिंतीला बोट लावतात,
चाखतात.
"गोडंच आहे अजून.
खारं पुढच्या दारापाशी."

दार उघडतं. लोक टाळ्या वाजवतात,
कुणासाठी, ते त्यांनाही ठाऊक नसावं.
वर पोरगा दोर सैल सोडतो
आणि इथे, खुर्चीतल्या खुर्चीत,
आजोबांचं मनगट सुटतं.