चुरी

शेडचं शटर साडेनऊला पडतं.
वॅक्सिंगच्या पट्ट्याची खडखड
कानात पुढे अर्धा तास चालूच असते.
तोवर मी नळी बाहेर आणून ठेवतो, आरसा निवायला.

नळी बोअरच्या केसिंगची.
आरसा सहा इंची, दोन पावसाळे घासलेला.
खालचं खोकं संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्यांचं,
एका फळीवर अजून वाचता येतं: नागपूर संत्रा, वर.
म्हणजे हे टोक वर ठेवा.
मी ते खाली ठेवलंय.

पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांखाली मंगळ.
सव्वीस महिन्यांनी एकदा येतो जवळ,
जवळ म्हणजे
उजेडालाही साडेपाच मिनिटं लागतील इतका.

भिंगात हरभऱ्याच्या दाण्याएवढा,
चालत्या ट्रॅक्टरच्या आरशात
मागचं घर थरथरतं तसा.
वाट बघायची.
वरुडचे ट्रक थांबतात, टिनपत्रा दिवसाचं ऊन सोडून देतो,
आणि मग एखाद्या श्वासापुरती
हवा बसते.

तेवढ्यात बघून घ्यायचं:
मधोमध कोळशी धरल्यासारखा काळा त्रिकोण,
खाली देठाशी पांढरा ठिपका, तो बर्फ.
मग पुन्हा सगळं ट्रॅक्टरवर.

पावत्यांच्या पाठीवर, बरणीचं झाकण ठेवून
मी अकरा मंगळ काढलेत या महिन्यात.
रोज त्याच वेळी बघितलं तरी
काळा त्रिकोण थोडा मागे राहिलेला,
त्याचा दिवस आपल्याहून सदतीस मिनिटं मोठा.
प्रत्येकाखाली तारीख, हवा कशी, आणि 'ढग'.
ढगापुढे अकराही ठिकाणी
प्रश्नचिन्ह.
निळा जिलेटिन लावून पाहिला, दुर्गेच्या मंडपातला,
चहा सोडून पाहिला.

त्या रात्री दुर्योधनची पिकअप
पांढुर्ण्याहून परतलीच नव्हती
म्हणून मनकर्णाबाई पेट्यांवर बसून होती,
पायांवर रिकामं पोतं घेऊन.
ये म्हटलं, पाहा.
आधी चुकीचा डोळा मिटला. मग बरोबर.

'ह्यानंच माह्या बहिणीचं लगन सात वर्सं अडवलं?'
थोडा वेळ काहीच नाही.
'एवढुसा त हाय.'

मी हसलो, ती नाही.
चौदाव्या वर्षापासून पट्ट्यावर उभी आहे,
मिनिटाला साठ फळं डोळ्यांखालून जातात,
हातात न घेता सांगते
कोणतं आतून सुटलंय सालीपासून.
तिनं श्वास धरला.
तिला कुणी सांगितलं नव्हतं श्वास धरायचा.

'ह्या बाजूनं, कडेले, धुई बसली हाय.
काया डागाच्या वर नाई, पल्याड.
साल त्या अंगानं ढिली दिसते.'

मी वाकलो.
काही नाही.
हवा हलली, बसली, हलली.
आणि मग उजव्या कडेला,
चुन्याचं बोट कुणी पुसून घेतल्यासारखं.
होतं. इतके दिवस असेलही.
मी काळ्याकडेच बघत होतो.

तो उजेड तिकडून निघाला तेव्हा
दुर्योधन बहुतेक फाटकात गाडी बंद करून
तंबाखू मळत असेल.

'मंग कोन्त्या नंबरात टाकू याले?'
पृथ्वीच्या जवळजवळ निम्माच आहे, मी म्हटलं.
'मंग चुरी,' ती म्हणाली, आणि पोतं झटकलं.

एवढ्यात पिकअपचे दिवे सरळ डोळ्यांत आले,
अंधार भरून यायला पुन्हा वीस मिनिटं लागणार.
चाचपडतच लिहिलं: ढग, आहे. पूर्व की पश्चिम
ते सकाळी ठरवू, नळीत सगळं उलटं दिसतं.
बघणाऱ्याच्या जागी तिचं नाव घातलं,
आडनाव विचारायचं राहिलं.

आता पट्ट्यावरून एखादं फळ ती बाजूला काढते,
तांबूस, एका कडेला फिकट,
आणि शेडच्या त्या टोकावरून ओरडते,
'हा पाह्य, तुया मंगय!'
सगळ्या बाया वळून बघतात.
चुरीच्या क्रेटमध्ये टाकत मात्र नाही.
पदरात ठेवते.