उद्दिष्ट

जैतापूरच्या बँकेत
साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला.
नाव झालं, गाव झालं,
मग एक लांबलचक रिकामी ओळ:
उद्दिष्ट.

"लिहा काहीही, मयेकरबाई."

काहीही?
तिथीची पाऊणपट करून
भरतीची वेळ काढते मी, बोटांवर.
कुठल्या खडकाला कालवं धरलीत,
कुठे पाय टेकला की चिरतो,
अंधारातही कळतं.
तेवीस वर्षं ओहोटी म्हणेल तेव्हा उठले.
ह्यांच्या आजारपणात, यशोधनच्या आयटीआयला
कालवं फोडत गेले, वाटी वाटी.
तुला काय हवंय, हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

पेन साहेबांचंच, टोपण चावलेलं.
मागे रांगेत कुणी खोकलं.

लिहिलं: होडी. लहान, वल्ह्याची.
माझ्या नावावर.

"अहो, ही वस्तू झाली.
उद्दिष्ट काय?"

सुकतीला खाडीच्या मधोमध
वाळूचा एक दांडा उघडा पडतो.
इतकी वर्षं इकडूनच बघतेय.
तिथे उभं राहून
आपलं गाव कसं दिसतं, ते बघायचंय.

एवढं त्या ओळीत मावेना.
होडीच ठेवली.

आज पंचमी. पावणेचारची भरती.
दांडा पाण्याखाली असणार, ठाऊक होतं.
तरी घरी जाताना
जेटीवरून गेले.