बोल्ट बोटानं गेला पाहिजे

मन्सी, इंडियाना. मार्चचा दुसरा शनिवार.
गॅरेजच्या दारापाशी अजून राखाडी बर्फाची कड,
आत केरोसिनचा हीटर घरघरतोय
आणि वेंडेल गाडीखाली, पाठीवर.
नुसते बूट बाहेर. बूट बोलतात:
"नऊ-सोळांशचा पाना."

मी देते.
त्याला अजून सासरा म्हणायचं की नाही
हे कोर्टाच्या कागदात कुठे लिहिलेलं नाही.
घर क्लेटनला, कुत्रा मला,
मालिबूवर मात्र कुणी हक्क सांगितला नाही,
कारण ती पहिल्यापासून या म्हाताऱ्याची,
एकोणऐंशीची, डिकीवर गंजाचे दोन चट्टे,
आणि चालवणारी आता मीच उरले.

गेल्या हंगामात पहिल्या साठ फुटांतच ती अंग टाकायची.
हिरवा दिवा लागला की डावा खांदा आभाळाकडे,
मागचा उजवा कोपरा जमिनीत,
ओल्या गोठ्यात घसरलेल्या गाईसारखी तिरकी होऊन
थेट भिंतीकडे.
मी स्टिअरिंग डावीकडे ओढायचे, पाय उचलायचे,
आणि शेजारच्या लेनमधला कुणी पोरगा
फुकटात जिंकून जायचा.

म्हणून हा अँटी-रोल बार.
आडवी नळी, चौकटीच्या आरपार, एक्सलच्या वर.
दोन टोकांना दोन हात, हातांना दोन दांड्या,
दांड्यांच्या तोंडाशी डोळ्याएवढी भोकं.
तिचं काम एवढंच, वेंडेल सांगतो:
एक चाक दबलं की दुसऱ्याला म्हणायचं, तूही दब.
एकानं सगळा भार घ्यायचा
आणि दुसऱ्यानं हवेत राहायचं, हे चालायचं नाही.

मी काही बोलत नाही.
तोही मग बराच वेळ नुसता पाना फिरवतो.

ब्रॅकेट अजून टाक्यांवर आहेत, पक्कं वेल्डिंग नंतर.
चारी चाकांखाली लाकडाचे ठोकळे, जॅक काढून टाकलेला,
तिचा भार तिनंच पेलायचा.
आता सीटवर चालवणाऱ्याचं वजन हवं.
वेंडेल सवयीनं मिठाची पोती आणतो,
तळघरातल्या पाण्याच्या यंत्राला लागणारी, चाळीस पौंडांची.
एक. दोन. तीन. चार.
पाचवं ठेवतो आणि थांबतो.
दोनशे पौंड म्हणजे क्लेटन.

सत्तरीला टेकलेला माणूस
सुनेला वजन कसं विचारणार?
तो पोती उतरवतो, एकेक, कंबर धरून,
आणि भिंतीकडे बघत म्हणतो, "तूच बस ना."

मी बसते. हेल्मेट घालून, पट्टे आवळून,
कारण हेल्मेटचंही वजन असतं म्हणे, बुटांचंही.
काचेपलीकडे रंगांचे डबे,
खिळ्याला एक जॅकेट, ते कुणाचं हे दोघांनाही ठाऊक.
इंजिन बंद. मी पंधरा मिनिटं
नुसती बसून राहते, आणि तेवढंच माझं काम.
या घरात माझं इतकं वजन
कधीच नव्हतं.

खाली दांडीची लांबी कमीजास्त होते,
अर्धा आटा, पाव आटा.
"हातोडा देऊ?" मी ओरडते.
"हातोडा लागला म्हणजे चुकलं," बूट म्हणतात.
"आधीच ताण ठेवून जोडलं
तर सुटायच्या आधीपासून एकीकडे ओढत राहते.
बोल्ट बोटानं गेला पाहिजे."

उजवीकडचा गेलाय. डावीकडचा अडतो.
पाव आटा.
अडतो.
वेंडेल हळूच एक शिवी देतो, रविवारच्या चर्चला न चालणारी.
मी श्वास रोखते, मग सोडते,
जणू तेवढ्यानं पौंडभर फरक पडेल.

मग खालून काहीच आवाज येत नाही.
आणि त्यावरूनच मला कळतं.

"उतरू?"
"नको," बूट म्हणतात.
"नट आवळेपर्यंत बस."