आठ डबे

जाताना तिनं एवढंच सांगितलं,
"मिरच्याइले पानी देजा. लय नोका देऊ."
आणि तीनच्या एसटीनं नागपूरला गेली,
पोरीच्या बाळंतपणाला.

मागे सांदवाडीत आठ डबे.
तेलाचे, पंधरा किलोवाले,
बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं,
आणि आत तिची भिवापुरी,
जिचं बी मावशीनं लुगड्याच्या चिंधीत बांधून दिलं होतं.

मी बत्तीस वर्षं लाइनमन.
मान वर करून जगलेला माणूस.
पानाखाली वाकून पाहायचं असतं
हे मला कुठल्या साहेबानं शिकवलं नाही.

कार्तिक सरत आला, सकाळी धुकं पडू लागलं.
थंडी बाधेल म्हणून मी आठही डबे
न्हाणीच्या भिंतीला, टिनाखाली,
खेटून खेटून ठेवले, शाळेच्या फोटोतल्या पोरांसारखे.
वरून फाटकी मच्छरदाणी.
रोज दोन वेळा पाणी, पानांवरूनच.
स्वतःवरच खूश होतो तेव्हा.

आठव्या दिवशी पानांवर पिवळे डाग.
उलटून पाहिलं तर खाली पांढरं,
गिरणीवरून आलेल्या कुणी
हात पुसून जावं तसं.
बोटानं पुसलं, गेलं.
उजाडता पुन्हा आलं,
आणि शेजारच्या डब्यालाही लागलं.

"मिरच्या कशा हायेत?"
फोनमध्ये मागे बाळ रडत होतं.
मी म्हटलं, "बऱ्या हायेत,"
आणि घाईघाईनं नातीचं वजन विचारलं.

पवनीच्या कृषी केंद्रात पोरगा म्हणाला, "किती एकर?"
"आठ डबे."
तो हसला नाही, हे त्याचे उपकार.
गंधकाची अर्ध्या किलोची पुडी पुढे सरकवली.
मी उलटसुलट करून वाचली, आणि परत ठेवली.
एवढं औषध संपायला
मला अजून दोन जन्म निवृत्त व्हावं लागलं असतं.

कुंपणापलीकडून सिंधू कोडापे
किती दिवसांची बघत होती कोण जाणे.
"भुरी हाय ते, भाऊजी. खराब पानं तोडा, जाळा.
आंबट मही घ्या, एक वाटी. नऊ वाट्या पानी.
सकाळच्यानं मारजा, पानाच्या पोटाले.
अन् हे असे कोंबून काऊन ठेवले?
वारा कुठून लागन त्याइले?"

वारा.

दोन तारांत हातभर अंतर पाहिजे,
नाहीतर झुळूक आली तरी ठिणगी पडते,
हे मी नव्या पोरांना खांबाखालून ओरडून सांगितलेलं.
तारा जवळ आल्या की काय होतं ते मला ठाऊक होतं,
डबे जवळ आले की काय होतं ते नव्हतं.

मच्छरदाणी काढली. डबे उन्हात आणले,
दोन डब्यांत एक एक पाऊल सोडून.
काच पुसायच्या औषधाची रिकामी बाटली धुतली,
फडक्यानं ताक गाळलं,
आणि गुडघे टेकून, पान पान उलटं करत, फुसफुस, फुसफुस.
सांदवाडीला आंबूस वास.
कोडाप्यांचं मांजर दोन दिवस
माझ्या मागे मागे फिरलं, मिशा चाटत.

पंधरा दिवसांनी नवी पानं कोवळी, स्वच्छ.
सहाव्या डब्याचं झाड मात्र
शेंड्यापर्यंत उघडं झालं.
ते उपटलं. डबा मोकळा करून उन्हात पालथा घातला.
तिथेच ठेवला, त्याच्या जागी.
कशाला ठेवला ते मलाही सांगता येणार नाही.

सव्वा महिन्यानं ती आली.
पिशवीत मुंगाचे लाडू, अंगाला बाळाचा वास.
मी नातीचे फोटो मागितले.
ती चपला न काढता मागच्या दारी गेली.

पालथा डबा पाहिला. काही बोलली नाही.
मग दुसऱ्या डब्याशी बसली,
एक पान दोन बोटांत धरलं,
आणि माझ्याकडे बघायच्या आधी
ते उलटं केलं.