लांबी भरण्याआधी

नाताळाला अजून दोन महिने होते,
पण दोना एर्मेलिंदांना घाई.
फोंताइन्याशमधलं चिंचोळं घर, बाहेरून गेरू,
आतून पांढरं, म्हणजे कधीकाळी पांढरं.
"आधी तसबिरी उतरव, शाणू," त्या म्हणाल्या.
लिस्बनला गेलेला मुलगा उतरवला, सायब उतरवला,
दोन बिशप उतरवले.
स्वयंपाकघराच्या दारापाशी ही राहिली.
छापील कागद, कोपऱ्यात कसर.
मी स्टुलावर चढलो आणि तिथेच थांबलो.

बाई मला नंतर दिसली.
आधी दिसली तिच्यामागची भिंत.

तीस वर्षं भिंती रंगवतोय.
पांढरी भिंत पांढरी नसते,
खिडकीला चिकटून तर ती सगळ्यात काळवंडलेली,
उजेड तिला ओलांडून पुढे जाऊन पडतो.
आमच्या पोरांना हे कळायला दोन पावसाळे जातात.
ह्या माणसाला कळलेलं होतं.
खिडकीखाली ओल उतरलेली.
एक काच फुटकी, ती बदललेली नाही.
आणि वर एक खिळा. नुसता.
त्याला काही टांगलेलं नाही,
पण त्याची सावली आहे, मुंगीएवढी.
शेजारी उपटलेल्या खिळ्यांची भोकं.

मी आयुष्यभर भोकं बुजवली.
लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा,
डोळे मिटून तळवा फिरवायचा,
हाताला काही लागलं तर पुन्हा.
ह्याने भोकं रंगवली!
कुणी सांगितलं असेल? कुणी पैसे दिले असतील त्या भोकांचे?

मग ती. दूध ओतणारी.
पंजे रापलेले, मनगटाच्या वर गोरी.
धार इतकी बारीक की तिला घाई नाही एवढं कळतं.
पावावर ठिपके, पोदेराच्या उंड्यांना
कोंडा चिकटलेला असतो तसे, पण उजेडाचे.
तिच्या खांद्यालगत एक पांढरी रेघ.
कटिंग मारताना ब्रश बाहेर गेला असणार, मला वाटलं.
मान मागे घेतली, तर ती रेघ नाहीशी झाली
आणि बाई भिंतीपासून वीतभर पुढे आली.
मान पुढे नेली. रेघ.
असं चार वेळा केलं. स्टूल करकरलं.

टेबल मात्र मला पटलं नाही.
मागचा कोन जुळत नाही, आमचा सुतार हसला असता.
असो.

"वलंदेज होता तो," दोना खालून म्हणाल्या,
"तो इकडे हे काढत होता, त्याच सुमाराला
त्याच्याच गावभावांची जहाजं आग्वादपुढे
तोफा रोखून उभी. मांडवीतून होडी सुटू देत नव्हते मेले."
मग थोड्या वेळाने, स्वतःशीच:
"शिळ्या पावाचं काहीतरी करतेय ती.
आमची मामाय करायची. वर जायफळ."

मी हिशेब करत होतो.
भांडं केवढं, धार केवढी,
साडेतीनशे वर्षांत किती दूध झालं असेल,
आणि अजून तिने मान वर केलेली नाही,
खिळ्याकडे पाहिलेलं नाही.
तो खिळा तिच्यासाठी नव्हताच म्हणा.
रिकाम्या भिंतीकडे बघत बसणाऱ्या
कुणासाठी तरी होता.

शेवटी उतरवली.
मागे एक चौकोन निघाला, आजूबाजूपेक्षा पांढरा,
माझ्याच हातचा असेल, बारा वर्षांपूर्वीचा.
वरच्या कडेला खिळा, जरासा वाकलेला.
शिंपल्यांच्या खिडकीतून ऊन आलं
आणि त्याची सावली पडली.

रुझार पत्र्यावर लांबी कालवून उभा.
"पात्रांव, खिळा काढून भरू?"
"थांब," म्हटलं.
कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं.
"जेवून घेऊ आधी."
त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
अकरासुद्धा वाजले नव्हते.